अप्पांनी पाठ दाखवली

परवा नांदेडला आमच्या एका जुन्या डॉक्टरसाहेबांचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला. निवृत्त सिस्टर म्हणून मलाही बोलावणं होतं. मानपत्र वाचणाऱ्यानं आवाज चढवून वाचलं, "ताठ कण्याचा, कुणापुढेही न झुकलेला वैद्यकीय अधिकारी." टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं, वाजवा म्हणून. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.

रिक्षानं विष्णुपुरीला घरी पोचले, पाणी प्यायले, तरी राग उतरेना. सून म्हणाली, "आई, झालं काय?" तिला काय सांगणार? ज्या माणसाचा कणा मी खरोखर, एक्स-रेच्या प्लेटवर, डोळ्यांनी पाहिला, त्याला आयुष्यात साधा नारळही कुणी दिला नाही. उलट त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा लागला. तो शेरा लागला त्याला कारण हे सत्कारमूर्ती होते. आणि थोडी मीही होते.

त्या माणसाचं नाव मन्मथप्पा. आम्ही सगळे अप्पा म्हणायचो.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नांदेड जिल्ह्यातला एक सरकारी दवाखाना, एवढं पुरे. मी तिथे हाडांच्या वॉर्डात होते आणि अप्पा एक्स-रे काढायचे. ते उदगीरकडचे लिंगायत, घरात कानडी बोलणारे. सात वर्षांचे असताना त्यांच्या कण्याला क्षय झाला. दीड वर्ष ते खाटेवर उताणे पडून होते. त्यातून वाचले, पण पाठीवर कुबड राहिलं. उभे राहिले तरी माझ्या खांद्याला लागायचे. उंच माणसाशी बोलताना मान तिरकी करून एका डोळ्यानं वर बघायचे. त्यांचे शर्ट उदगीरचा एकच शिंपी शिवायचा. पाठीचा भाग पुढच्यापेक्षा चार बोटं लांब ठेवावा लागे, नाहीतर मागून वर चढायचा. शर्ट पांढरा आणि कडक इस्त्रीचा. रसायनांच्या त्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर काम करून त्यावर डाग कसा पडत नसे, ते मला कळलं नाही.

खेड्यातली माणसं एक्स-रेला फोटो म्हणायची. नवी साडी नेसून, कुंकू नीट लावून बाया फोटोला यायच्या. अप्पा कधी हसले नाहीत. "मावशी, ह्या फोटोत तोंड येत न्हाई. पण आतलं समदं येतं. दागिना तेवढा काढून सासूबाईच्या हातात द्या." मग श्वास धरायला सांगायचे. माणूस बघून भाषा बदलायची. देगलूरकडची बाई असली की "ऊपिरि बिगबट्टु," औराद-बिदरकडची असली की "उसिरु हिडी," पठाण म्हातारा असला की "चचा, दम रोको." बाकीच्यांना, "धरा. धरा. सोडा आता."

दया दाखवलेली त्यांना खपत नसे. नवीन आलेल्या एका नर्सनं त्यांच्या हातातली जड पेटी घ्यायला हात पुढे केला. अप्पा म्हणाले, "पाठ वाकडी हाय, हात न्हाईत."

एकदा पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर रांग लागली होती. आमचे डॉक्टरसाहेब, तेव्हा पस्तिशीचे, उंच, देखणे, रांगेवरून नजर फिरवत आले आणि अप्पांपाशी थांबले. "अप्पा, आज तरी सरळ उभे राहा." दोघंतिघं हसले. झेंडा झाल्यावर मला एक्स-रेच्या खोलीत घेऊन गेले. एका तरण्या गड्याची धडधाकट कण्याची प्लेट त्यांनी उजेडासमोर धरली.

"सिस्टर, ह्यात सरळ कुठं हाय दाखवा."

मी बघितलं. मानेपाशी पुढे बाक, पाठीत मागे, कमरेत पुन्हा पुढे, खाली पुन्हा मागे.

"चार बाक हायत. सरळ कणा देवानं कुणालाच दिला न्हाई. बाक हाय म्हणून वजन पेलतं. आन् ह्याचं खरं काम उभं राहायचं न्हाईच. आत एक दोरी हाय, ताकाच्या लोण्यावानी मऊ. तिच्यावर सारं अंग चालतं. तिला धक्का लागू नये म्हणून हे इतकं हाड." प्लेट पाकिटात घालत ते म्हणाले, "डॉक्टरला हे ठावं असायला पाहिजे."

चिडले की इतकंच चिडायचे. आवाज कधी वाढायचा नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. दवाखान्याची विहीर तळाला गेली, नळ कोरडे पडले. एक्स-रेची प्लेट धुवायला पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. नीट धुतली नाही तर काही महिन्यांत पिवळी पडते, मग तिच्यात काही दिसत नाही. साहेब म्हणाले, एका बादलीत दहा धुवा. अप्पा पहाटे उठून अर्ध्या कोसावरच्या मळ्यातून दोन घागरी आणू लागले. रोज चार खेपा. वाटेत लोक बोलायचे, प्यायला पाणी नाही आणि हा फोटो धुऊन राहिला. अप्पा म्हणायचे, "माणसाचं हाड मोडलंय ह्याचा ह्यो एकच पुरावा हाय. पिवळा पडून कसा चालंल?"

त्या घागरींनी त्यांची पाठ धरली. शेवटी दुखणं सहन होईना तेव्हा त्यांनी स्वतःचा फोटो काढायचं ठरवलं. मशीन लावलं, आकडे बसवले आणि टेबलावर कुशीवर झोपले. बटन मी दाबलं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मात्र काढली नाही. "हे अंगावरून उतरत न्हाई, सिस्टर." प्लेट धुऊन आली तेव्हा कडेला त्या डबीचं पांढरंशुभ्र अंडं उमटलं होतं. मधोमध अप्पांचा कणा होता. छातीच्या खालचे दोन मणके एकमेकांत विरघळून एक झालेले, आणि तिथून सगळी माळ काटकोनात वळलेली. अप्पांनी ती बराच वेळ बघितली. "सात वर्षाचा होतो. तवापास्नं आज पयल्यांदा बघून राहिलो," म्हणाले. ती प्लेट दवाखान्याच्या कपाटात जमा झाली.

त्याच उन्हाळ्यात पारूबाईला आणलं.

भोकरच्या पुढच्या एका गावाची बाई. तिशीची असेल. दुष्काळी कामावर तलाव खोदायला होती. काम लवकर उरकावं म्हणून मुकादमानं बायांना दरड खालून पोखरायला लावलं होतं. वरची माती तिच्या पाठीवर बसली. ट्रकमध्ये घालून आणली तेव्हा ती शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, "माझे पाय कुठं हायत?" पाय जागेवरच होते. तिला कळत नव्हते.

अप्पांनी तिला टेबलावर घेतली. चौघांनी चादरीसकट उचलली, कण्याला जराही पीळ बसू दिला नाही. प्लेट आली. कमरेच्या वरचा एक मणका चिरडून पाचरीसारखा झाला होता. बाकीचा कणा शेतकरणीचा असावा तसा, दणकट. अप्पांनी ती प्लेट एक अख्खी घागर ओतून धुतली. "ही पुना लागणार हाय," म्हणाले.

दोन दिवसांनी एक पुढारी वॉर्डात केळी वाटायला आले. खाटांच्या मधोमध उभं राहून म्हणाले, मजूर हा देशाचा कणा आहे. ते गेल्यावर पारूबाईनं अप्पांना विचारलं, "कणा म्हंजी काय वं?"

अप्पा तिच्या उशाशी उभे होते. म्हणाले, "तुमचं जे मोडलंय ते."

त्यानंतर गोष्टी कुजबुजीत होऊ लागल्या. कामावरचे लोक डॉक्टरसाहेबांच्या खोलीत येऊन बसायचे, दार लोटलेलं असायचं. दरड पोखरायला लावली हे उघड झालं तर बऱ्याच जणांवर आलं असतं. आठवड्यानं पारूबाईच्या केसपेपरावर साहेबांच्या अक्षरात मत उमटलं: कण्याचा जुना क्षय, मणका आधीच कुजलेला, अपघाताशी संबंध नाही.

मी ते वाचलं. मी वॉर्डाची सिस्टर होते, रोज तिची पाठ पुसत होते. मी काही बोलले नाही.

पारूबाईच्या सासूनं मात्र गप्प बसायचं नाकारलं. ही म्हातारी लुगड्याचा काष्टा मारून रोज कचेरीच्या पायरीवर जाऊन बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "माझी सून बैलासंगं नांगर वढत व्हती. तिला कदी क्षय झाला?" कुणीतरी वर्तमानपत्रात चार ओळी छापल्या, आणि चौकशी लागली.

चौकशीचे अधिकारी बाहेरून आले होते. थकलेला, साधा माणूस. साहेबांच्या खोलीत टेबलापाशी बसले. एका बाजूला डॉक्टरसाहेब, दुसऱ्या बाजूला मी आणि अप्पा. अधिकाऱ्यांनी पाकिटातून पारूबाईची प्लेट काढून खिडकीकडे धरली.

मला ती पाहताक्षणी कळली. दोन मणके एकात विरघळलेले. काटकोनात वळलेली माळ. कडेचं चांदीचं अंडं नव्हतं. तेवढी कड कात्रीनं सरळ कापून टाकली होती. कोपऱ्यातला जुना नंबर खरवडून पांढऱ्या शाईनं पारूबाईचा लिहिला होता.

"ही प्लेट इथलीच?" अधिकाऱ्यांनी अप्पांना विचारलं.

"हाव साहेब. इथलीच."

"मग यात जुना क्षय स्पष्ट दिसतोय, असं डॉक्टर म्हणतात."

"बरूबर हाय. क्षयच हाय त्यो."

डॉक्टरसाहेबांनी खुर्चीत पाठ टेकली.

"पण ही पारूबाई न्हाई," अप्पा म्हणाले. "ह्यो मी हाय."

मग साहेब हसले. "अप्पा, काहीतरीच काय." अधिकारी माझ्याकडे वळले. "सिस्टर, हे म्हणतात त्यांचा फोटो निघाला होता. तुम्हाला माहीत आहे? ओळखता ही प्लेट?"

बटन मी दाबलं होतं. धुऊन आल्यावर पहिल्यांदा अप्पांच्या शेजारी उभं राहून मीच बघितली होती. साहेब माझ्याकडे बघत होते. माझा गोपनीय अहवाल तेच लिहायचे. माझी बदली, माझी रजा, सगळं त्यांच्या हातात. धाकटी दूधपिती होती.

मी म्हणाले, "सगळ्या प्लेटा मला सारख्याच दिसतात."

हे वाक्य आज चाळीस वर्षं मी ऐकते आहे.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उठले. इस्त्रीच्या शर्टाची बटणं एकेक करून सोडली, शर्ट काढून खुर्चीवर नीट घडी करून ठेवला. मग बनियन काढली. इतक्या वर्षांत त्यांना बाह्या वर सारलेल्या शर्टातही कुणी पाहिलं नव्हतं. पाठ फिरवून ते अधिकाऱ्यांच्या टेबलाला लागून उभे राहिले. ती पाठ मी नर्स असूनही मला बघवली नाही. कातडी ताणलेली, हाडाचं टोक वर आलेलं, त्यावर लहानपणीच्या डागण्यांचे गोल वण.

"मोजा साहेब," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मानेपास्नं मोजत या. प्लेटवर जिथं दोन मणके एक झालेत, तिथंच माझ्या पाठीत बोट लावा. जरा इकडं तिकडं झालं तर माझी नोकरी घ्या."

अधिकारी उभे राहिले. एका हातात प्लेट होती. दुसरा हात त्यांनी पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "कपडे घाला, अप्पा," म्हणाले.

शर्ट घालताना अप्पांनी त्यांना समजावून सांगितलं, पोराला शिकवावं तसं. क्षय दोन मणक्यांच्या मधली गादी खातो, मग दोन्ही मणके चिकटतात. माराने एकच मणका चिरडतो, गादी शाबूत राहते. "पारूबाई अजून वॉर्डात हाय. कणा काय पळून जात न्हाई. तुमच्यासमोर पुना काढतो."

त्याच दुपारी काढली. अधिकारी अंधाऱ्या खोलीच्या दारात उभे राहिले, प्लेट ओली असतानाच बघितली. एकच चिरडलेला मणका, वर-खाली गाद्या जशाच्या तशा.

आपल्याकडे म्हण आहे, पाठ दाखवली म्हणजे पळून गेला. त्या खोलीत समोर तोंड करून बसलेले आम्ही सगळे पळालेले होतो. एक माणूस पाठ दाखवून उभा होता.

चौकशीचा निकाल आला. पारूबाईची इजा कामावरचीच, हे मान्य झालं. मुकादमाला काढून टाकलं, त्याच्या वरच्या कुणाचं नावही आलं नाही. आणि प्लेट बदलली कशी? तर एक्स-रे विभागाच्या निष्काळजीपणामुळे प्लेटांची सरमिसळ झाली. कापलेली कड, खरवडलेला नंबर, सगळं त्या 'सरमिसळ' शब्दात बसवलं. शिक्षा एकट्या अप्पांना. डॉक्टरसाहेबांना वर्षभरात बढती मिळाली.

मी अप्पांची माफी मागायला गेले. ते प्लेटा धुवायच्या टाक्या घासत होते. मी रडले. मी थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "सिस्टर, साहेबाला तोंडावर 'न्हाई' म्हणायला पाहिजे व्हतं असं मी म्हणत न्हाई. प्लेट वळखता का इचारल्यावर 'हाव' म्हणायला पाहिजे व्हतं. एवढंच व्हतं काम." आणि पुन्हा टाकी घासायला लागले. माफ केलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. मला आता वाटतं, म्हणाले नाहीत तेच बरं. खोटं झालं असतं.

पारूबाई सात महिने वॉर्डात होती. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठ सडते. ड्यूटी संपली की अप्पा यायचे आणि तिच्या सासूला ते शिकवायचे. उशी कुठे, गुडघा कसा, खांदा आणि कंबर एकाच वेळी कशी वळवायची. "पोतं फिरवल्यावानी न्हाई. लाकडाचा ओंडका वळवल्यावानी, अख्खा." गावाकडे गेल्यावर ती चार वर्षं जगली. पाठीला एक जखम झाली नाही, असं सासूनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

अप्पांची बदली झाली, मग पुन्हा झाली, पुन्हा झाली. जिथे धड खोली नाही, वीज नाही, अशा जागी. मधल्या काळात आमची भेट नाही. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. भाड्याच्या खोल्यांत कचेऱ्या लागल्या, रंगाच्या वासाच्या नव्या पाट्या चढल्या, नवी पदं निघाली. लोकांना वाटलं आता सगळं मिळणार. त्या भरात निलंग्याकडच्या एका दवाखान्यात एक्स-रेचं पद मंजूर झालं आणि अप्पांना तिथे पाठवलं.

मी एका प्रशिक्षणाला लातूरला गेले होते. एक दिवस रजा टाकून एसटीनं तिकडे गेले. त्याही वर्षी पाऊस नव्हता. दवाखान्याच्या आवारात टँकरसाठी घागरींची रांग होती.

एक्स-रेची खोली सापडली. दारावर पाटी, भिंती चुन्यानं पांढऱ्या, फरशी झाडून लख्ख. आत एक टेबल, एक स्टूल, आणि काहीच नाही. स्टुलावर अप्पा होते. पाठ आणखी वाकली होती, हनुवटी छातीला टेकायला आली होती. शर्ट तसाच, इस्त्रीचा.

"मशीन कुठंय, अप्पा?"

"मंजूर हाय," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली मंजूर होऊन. यायचंय."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मुलांची चौकशी केली. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. मशीनची कितीतरी पत्रं त्यांनी लिहिली होती, उत्तर आलं नव्हतं. मोडक्या हाडाची माणसं यायची, त्यांना ते लातूरची गाडी कुठून सुटते ते सांगायचे, झोळी बांधून हात गळ्यात अडकवून द्यायचे. चाळीस वर्षं शिकलेलं कसब असं झोळ्या बांधण्यात गेलं.

तेवढ्यात तिथले तरुण डॉक्टर रजिस्टर घेऊन आले. चांगले होते बोलायला. उद्या तपासणी होती, वरून निरोप होता. नवा जिल्हा, सगळे विभाग चालू दिसले पाहिजेत, कुठल्याही रजिस्टरात काम शून्य, म्हणजे 'निरंक', दिसायला नको. "अप्पा, जास्त नाही, महिन्याला आठ-दहा फोटो दाखवू. मशीन सध्या दुरुस्तीला गेलंय म्हणू. तुमची सही लागेल. तुमचं पेन्शनचं काम पण उद्याच साहेबांपुढे आहे, म्हणून म्हणतो."

मी अप्पांकडे बघितलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, करून टाका सही. काय जातंय? एक मोडकी पाठ घेऊन घरी जायचंय, सुखानं जा.

"आणा," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. अप्पांना कागद वाचायला वाकायची गरज नव्हती, त्यांचा चेहरा आधीच त्यावर होता. दौतीत टाक बुडवून त्यांनी वळणदार, मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला, खाली सही केली, टीपकागद दाबला.

डॉक्टर उंच होते. अप्पांच्या वाकलेल्या डोक्याआड उभ्यानं त्यांना कागद दिसेना. ते टेबलावर वाकले, आणखी वाकले, तेव्हा त्यांना वाचता आलं.

निरंक.